लुटुपुटीचा दावा

श्रीवर्धन,
१४ जून २०२३

चि. सौ. आशूस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टाने आलेलं पत्र बघून तुला वाटेल, दादाला म्हातारचळ लागला. तसं नाही. हे फोनवर बोलायचं नाही म्हणून लिहितोय. विनेशच्या केसमध्ये समोरच्या वकिलाने व्हॉट्सॲपचे प्रिंट काढून कोर्टात लावले. त्यात मी त्याला पाठवलेली 'शुभ सकाळ'ची फुलंही होती. तेव्हापासून मोबाइल हातात घेतला की विंचू धरल्यासारखं वाटतं. हे वाचून झालं की जाळ.

उरणचा धंदा बसला हे तुला माहीत आहे. किती बसला ते सांगितलं नव्हतं. निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं धरेपर्यंत खायचं काय, म्हणून विनेशबरोबर भागीदारीत माल वाहायला ट्रेलर घेतले. आता ट्रेलर फायनान्सवाल्यांनी ओढून नेले, विनेश कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि कर्जाच्या कागदांवर सह्या माझ्या. पतसंस्था वाडीवर जप्ती आणायच्या तयारीत आहे. मी अलिबागला वकील गाठला. तो म्हणतो, आता एकच वाट, नादारीचा अर्ज. म्हणजे कोर्टात उभं राहून सांगायचं की मी बुडालो. मग कोर्ट रिसीव्हर नेमतं, माझ्या नावावर जे असेल ते तो विकतो, देणेकऱ्यांना वाटतो आणि मी सुटतो.

गोम इथेच आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्याला माझं एकट्याचं नाव लागलं, आपल्याकडे लागतं तसं. कागदावर अख्खी वाडी आणि घर माझं. खरं बघता त्यात तीन हिस्से, आईचा, तुझा आणि माझा. तू आत्ता माझ्यावर वाटपाचा दावा लावलास तर तुम्हा दोघींचे हिस्से बाहेर निघतील आणि रिसीव्हरच्या हाती एकच लागेल. घर तुमच्या बाजूला टाकून घेऊ. सगळं निवलं की तुझा हिस्सा तुझ्या वहिनीच्या, श्रद्धाच्या नावावर करून दे, म्हणजे झालं. लुटुपुटीचा दावा. आपण फक्त भांडलोय असं दिसायला हवं.

वकील मात्र तुला शोधावा लागेल. श्रीवर्धनातला नको. दिनानाथकाका बाबांचे मित्र. त्यांच्या पायऱ्या चढलीस की संध्याकाळच्या आत आईला कळेल. दुसरा आहे तो पतसंस्थेचा. तिसरा माझ्या वर्गातला, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पनवेल-मुंबईचाही नको. बाहेरचा वकील आला की गाव म्हणतं, पैसा दडवलेला दिसतोय. आसपासचा, पण आपल्यातला नसलेला बघ. आणि त्यालाही खरं सांगू नकोस.

आईला तर मुळीच नाही. एकादशीला देवळात बसली की सगळं ओतून मोकळी होईल. श्रद्धाला माहीत आहे, ती गप्प राहते.

तुझा,
दादा


पनवेल,
२९ जून २०२३

ती. स्व. दादास,
सा. न.

पत्र जाळलं नाही. गॅसवर धरलं होतं, पण तुझं अक्षर बघून विझवलं. किती वर्षांनी बघितलं! कपाटात कुलपात आहे.

इतकं सगळं झालं आणि तू एकटा सोसत बसलास, याचं फार वाईट वाटलं. मे महिन्यात मी आले होते तेव्हा तू मला आंबे मोजून देत होतास आणि हसत होतास.

दादा, वकील शोधणं म्हणजे स्थळ शोधण्यासारखं निघालं. कुणी महाग, कुणी तापट, कुणाचं आधीच दुसऱ्या बाजूशी जमलेलं. माणगावला एकाच्या पाटीवर कौटुंबिक, जमीनजुमला, नादारी, विवाह नोंदणी, पासपोर्ट असं सगळं एकाखाली एक होतं आणि सगळ्यात खाली झेरॉक्स. त्याने विचारलं, "भाऊ हिस्सा नाही म्हणतो?" मी म्हटलं, तसं म्हणाला नाही. "मग मारहाण?" नाही. "शिवीगाळ?" नाही. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "ताई, मग मी लिहू काय?" अलिबागला एक वयस्कर गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "बाई, भावावर दावा लावून माहेर घालवाल. त्यापेक्षा एक चांगला दागिना मागून घ्या आणि गप्प बसा." फी मात्र घेतली.

शेवटी म्हसळ्यात एक मिळाली. प्राप्ती म्हात्रे. माहेर उरणचं, सासर म्हसळ्याचं. एसटी स्टँडच्या मागे घरातच ऑफिस. मी गेले तेव्हा पुढच्या पडवीत सासूबाई मिरच्या निवडत होत्या आणि आत ही ठसकत ठसकत कुणाला तरी फोनवर झापत होती. माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावाशी बोलणं बंद हाय?"

"हो."

"शेवटचं काय बोलला तो?"

मला काही सुचेना. ती हसायलाच लागली. "मॅडम, खरं भांडलेल्या माणसाला शेवटचा शब्द तोंडपाठ असतो. तुमचं भांडण नाय हाय."

मी खोटं बोलू शकले नाही. सांगून टाकलं. रागावू नकोस. ती म्हणाली, "तुमचा हक्क खरा हाय, भांडण खोटं हाय. मला हक्काशी काम. पण आईला माहीत हाय का?" मी नाही म्हटल्यावर तिने मान हलवली. "आईला सांगा. तिलाही दाव्यात घ्यावं लागणार. या खेळात एकाला जरी खेळ हाय हे ठाऊक नसलं, तर तो खराच खेळतो."

दादा, तेवढं कर. आईला सांग. तिला न सांगता मी तिच्या विरुद्ध कागदावर सही कशी करू?

एक गंमत सांगते. आठवीच्या वर्गात मी दर वर्षी शिकवते की वडिलांच्या मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा असतो. मुली वहीत उतरवून घेतात. माझाही असा हिस्सा कुठे आहे, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. प्राप्तीताई मोठ्याने "एक तृतीयांश" म्हणाल्या तेव्हा मी मागे वळून बघितलं, कुणाबद्दल चाललंय म्हणून.

तुझी,
आशू


श्रीवर्धन,
८ जुलै २०२३

चि. सौ. आशूस,
आशीर्वाद.

वकीलबाई हुशार दिसतात. हुशार वकील आपल्या बाजूला असलेला बरा, म्हणून तू तोंड उघडलंस ते माफ.

आईचं माझ्यावर सोड. समन्स आलं की मी घेईन, तिच्यापर्यंत जाऊच देणार नाही. तिचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे. उगीच तिला वकिलीच्या घोळात ओढू नकोस.

इकडे मी सुरुवात केली आहे. चंदरच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, सहज म्हणालो, "आमच्या बहिणीला आता वाडी दिसायला लागली." चंदर म्हणतो, "सगल्यांच्याच भयनी तशा, देवादादा. तुमची उशिरा निघाली येवढंच." बाकावरचे चौघे व्हय व्हय करायला लागले. एकाने तर स्वतःच्या बहिणीची अख्खी कथा सांगितली. मला वाटलं होतं लोकांना पटवायला त्रास पडेल. काही त्रास पडला नाही.

गणपतीला येऊ नकोस. वानोळाही या वर्षी पाठवत नाही, एसटीत नारळाचं पोतं चढवताना कुणी बघितलं तर सगळं मुसळ केरात. दावा जोरदार लिहायला सांग. मिळमिळीत असला तर पतसंस्थेच्या वकिलाला लगेच वास येईल.

दादा


पनवेल,
२४ ऑगस्ट २०२३

ती. स्व. दादास,
सा. न.

दावा दाखल झाला. मी सही केली. वादी म्हणून माझं नाव, प्रतिवादी एक म्हणून तुझं, दोन म्हणून आईचं. आईचं नाव इतकं पूर्ण, तिच्या वयासकट, मी पहिल्यांदाच कुठे लिहिलेलं बघितलं.

प्राप्तीताईंनी विचारलं, "वडील गेल्यापासून वाडीच्या उत्पन्नातलं तुम्हाला काय मिळालं?" मी म्हटलं, दर वर्षी मिळतं की. सुपारी, नारळ, आमसुलं, मे महिन्यात आंबे. त्या म्हणाल्या, "तो वानोळा झाला. हिश्शाचं सांगा." काही नाही. "तुमचं नाव सातबाऱ्याला का लावलं नाही, कुणी सांगितलं?" नाही. "तुम्ही विचारलं?" नाही. "का नाही विचारलं?" मी उत्तर जुळवायला लागले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, ते कोर्ट विचारत नाय."

त्यांनी लिहिलं, 'प्रतिवादी क्रमांक एक याने वादीस अंधारात ठेवून संपूर्ण मिळकतीस स्वतःचे नाव लावून घेतले आणि आजतागायत उत्पन्नाचा एकट्याने उपभोग घेतला.' त्या वाचून दाखवत होत्या आणि मी शेजारच्या बाईचं दुःख ऐकावं तशी ऐकत होते. परत येताना एसटीत पुन्हा वाचलं. गाडी माणगावला थांबली, बाजूची बाई उतरली, दुसरी बसली, मी तेच वाक्य वाचत होते. दादा, जोरदार लिहायचं म्हणून मी त्यात खोटं काय काय घालता येईल ते शोधत गेले होते. आता बघते तर त्यात एकही वाक्य खोटं नाही.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. विहंगला दाखवलं. माझा नवरा माहेरच्या गोष्टीत कधी पडत नाही, तुला माहीत आहे. तो वाचून एवढंच म्हणाला, "हे नाटकातलं भाषण वाटत नाही."

समन्स निघायला थोडे दिवस आहेत. आईला सांगितलंस का? गणपतीत मी येणार नाही हे तिला तू काय म्हणून सांगणार आहेस?

तुझी,
आशू


श्रीवर्धन,
५ ऑक्टोबर २०२३

आशू,
आशीर्वाद.

मी अलिबागला गेलो होतो त्याच दिवशी बेलीफ आला. आई ओटीवर होती. आपल्या नावाचा कागद म्हटल्यावर तिने चष्मा लावला, सही केली आणि शेजारच्या मोरूसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी घरी आलो तेव्हा तो कागद तिच्या मांडीवर तसाच होता. 'अंधारात ठेवून' हे तिने मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाली, "हे आशूने लिहिलं?" मोरू समोर बसलेला. मी हो म्हणालो. मोरू गेल्यावर सांगणार होतो. पण तोवर ती देवापाशी जाऊन बसली होती आणि मग ती वेळ निघून गेली.

आणि तू ते का लिहू दिलंस? जोरदार लिही म्हणालो होतो, पण असं नव्हे. भावाने दारू पिऊन धमक्या दिल्या असं काहीतरी लिहायचं, लोक लिहितात तसं. ते वाचून मी हसलो असतो. नाव मी लबाडीने लावलं नाही. तलाठी म्हणाला, "बहीण पनवेलला सुखात आहे ना, मग कशाला घोळ?" मला ते बरोबर वाटलं. तुलाही वाटलं असतं. वादळानंतर चिखलात उभा राहून एकेक रोप मी लावलं. उपभोग म्हणे!

असो. पतसंस्थेच्या वकिलाची खात्री पटली आहे की हे भांडण खरं आहे. त्या बाईंना तेवढं कळव.

दादा


श्रीवर्धन,
१७ नोव्हेंबर २०२३

सौ. आश्लेषास,
आशीर्वाद. लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

भाऊबीज झाली. देवाने, तुझ्या दादाने, पाट मांडू दिला नाही. फराळाचं ताट तसंच्या तसं उचललं. मी विचारलं, शेजारच्या पोरीला बोलावू का ओवाळायला? तर उठून वाडीत निघून गेला. एवढा मोठा माणूस, मला पाठमोरा दिसत होता.

तुझं डी.एड. झालं ते नारळ विकून झालं. लग्नात वाडीतले फणस तोडले, लाकूड विकलं. तेव्हा तुला हिस्सा आठवला नाही. मुलगी माहेराला येते, वाटणीला येत नाही. माझ्याही बापाची वाडी होती दिवेआगरला, मी कधी तिचं नाव काढलं नाही, म्हणून माझ्या भावांनी ते होते तोवर मला मानाने नेलं आणलं. तुला शिकवलं ते चुकलं म्हणवत नाही, पण आज मनात येतं.

देवाचं काय चाललंय मला सांगत नाही, पण आईला कळतं. पोरगा आतून पोखरला आहे. अशा वेळी तू त्याच्या हातातलं ओढायला निघालीस. आणि वर मला प्रतिवादी केलंस. म्हणजे माझ्याच पोटच्या पोरीने माझ्यावर केस केली, हे मोरूच्या बायकोने मला समजावून सांगितलं.

मी म्हातारी आहे, पण मेले नाही. माझं काय करायचं ते मी बघेन. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि मला आता विरघळायचं नाही.

आई


पनवेल,
२१ नोव्हेंबर २०२३

दादा,

आईचं पत्र आलं. सोबत पाठवत नाही, तू वाचावंस असं मला वाटत नाही.

तिने नको म्हटलं तरी फोन केला. "आई" म्हटलं आणि तिने ठेवून दिला. मग पुन्हा केला, तो वहिनींनी घेतला, म्हणाल्या, "आत्ता नको हो वन्सं."

तिला सांग. आज सांग. हवं तर मी येते, आपण दोघं मिळून सांगू. पतसंस्थेला संशय आला तर येऊ दे, वाडी गेली तर जाऊ दे. ती मला जे बोलली आहे ते रागाच्या भरात बोललेली नाही, दादा. ते आधीपासून तिथे होतं. मला ते माहीत नव्हतं आणि आता मला ते विसरता येणार नाही. निदान यापुढचं तरी थांबव.

आशू


श्रीवर्धन,
१० डिसेंबर २०२३

चि. आशूस,
आशीर्वाद.

नादारीचा अर्ज अलिबागला दाखल झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना, हे मी आधी बघितलं. मग लक्षात आलं, आता ते कायमचंच आहे.

आईला आत्ता सांगता येणार नाही. शांतपणे वाच. पतसंस्थेचा वकील तिला साक्षीला बोलावणार, हे नक्की. तिला खरं माहीत असलं तर ती दोन प्रश्नांत गडबडेल. खोटं बोलायची तिला सवय नाही. आता ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि तुझ्यावर कडाडली की न्यायाधीशालाही शंका उरणार नाही. तिचा राग हाच आपला सगळ्यात चांगला साक्षीदार आहे.

आणि खरं सांगू? या वर्षात माझ्याशी धड बोलली ती आई एकटीच. श्रद्धा बोलत नाही, गावात लोक नमस्कार करतात ते दुसरीकडे बघत. आई मात्र भातावर तूप जास्त वाढते आणि म्हणते, "मी आहे, तू घाबरू नकोस." मी शाळेत होतो तेव्हा म्हणायची तसं. थोडे दिवस मला ते मिळू दे. तुझं तिच्याशी नंतर सगळं नीट होईल. मुलींचं होतंच.

दादा


पनवेल,
३ फेब्रुवारी २०२४

दादा,

काल तूही कोर्टात होतास, तरी लिहिते. आपल्याला तिथे एकमेकांशी बोलायची बंदी होती ना.

आईला दिनानाथकाकांबरोबर येताना बघितलं आणि मी प्राप्तीताईंना कोपराने ढोसलं. तू अलिबागला वकील गाठलास, मी म्हसळ्याला, आणि आईने दोघांना न विचारता आपला आपण शोधला, घरापासून चार पावलांवरचा. पुकारा झाला. काका उठले, आवाज बाबांच्या वेळचाच. "प्रतिवादी क्रमांक दोन यांनी आपला हिस्सा मुलाच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडलेला आहे. आता त्यांचा या मिळकतीत काहीही संबंध उरलेला नाही."

सगळीकडे बहिणींना बसवून करून घेतात ते हक्कसोडपत्र. आपल्या घरात ते आईने केलं, आपणहून, लेकीपासून लेकाला वाचवायला.

पतसंस्थेचा वकील खाली मान घालून हसत होता. मला समजेना. प्राप्तीताईंनी बाहेर आणून बाकावर बसवलं. "मॅडम, नादारीचा अर्ज टाकल्यावर माणसाच्या नावावर जे जे येतं ते पण रिसीव्हरकडे जातं. तुमच्या आईने आपला हिस्सा भावाला नाय दिला. कर्जवाल्यांना दिला." मी विचारलं, काकांना हे कळलं नाही? त्या म्हणाल्या, "त्यांना अर्जाचं कोण बोललं व्हतं?"

आई समोरून गेली. थांबली. माझ्याकडे बघितलं, पत्त्याचा डाव हरलेल्या पोराकडे बघतात तसं, थोडं रागाने, थोडं कीव आल्यासारखं. तिला वाटत होतं ती जिंकली.

मी तुझ्याकडे बघितलं. तुला धक्का बसलेला नव्हता. तू नुसता खाली बघत होतास. तुला कधीपासून माहीत होतं?

आश्लेषा


श्रीवर्धन,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. आशूस,
अनेक आशीर्वाद.

त्याच संध्याकाळपासून. मोरूने तिला रिक्षाने रजिस्ट्रार कचेरीत नेलं होतं. येताना पेढे घेऊन आली. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "आता बघू ती काय करते." मी तो पेढा खाल्ला. काय करणार होतो? झालं ते होऊन गेलं होतं. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की पोराला वाचवायला म्हणून तिने आपल्याच हाताने त्याची मान कापली. ते तिला सोसलं नसतं. मलाही सांगणं सोसलं नसतं, हेही खरं.

आता हात जोडून सांगतो. तुझ्या एकटीचा हिस्सा उरला आहे. प्राप्ती म्हात्रेंना म्हणावं, घर आणि विहिरीकडची पोफळ तेवढी तुझ्या हिश्शात मागा. निकाल लागला की आधी ठरल्याप्रमाणे श्रद्धाच्या नावावर कर. आईला या वयात भाड्याच्या खोलीत न्यायचं का? माझ्यासाठी नको करूस. तिच्यासाठी कर.

आणि तिला काही सांगू नकोस. एवढं ऐक माझं.

तुझा,
दादा


पनवेल,
९ मार्च २०२४

ती. स्व. दादास,
सा. न.

ऐकलं नाही. मंगळवारी तू तारखेला अलिबागला गेला होतास तेव्हा मी श्रीवर्धनला येऊन गेले. वहिनींनी तुला सांगितलं नसेल, त्या गप्प राहतात.

आई मागच्या पडवीत सुपारी निवडत होती. मला बघून उठली नाही. मी खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुझं पहिलं पत्र, लुटुपुटीचा दावा, तुझा अर्ज, तिच्या सहीचं काय झालं ते. तिचे हात चालूच होते. चांगली एका बाजूला, किडकी एका बाजूला.

मग म्हणाली, "म्हणजे भांडण नव्हतंच?"

"नव्हतं."

"आणि इतके महिने तू मला फसवलंस?"

"आम्ही दोघांनी, आई."

"त्याला नाइलाज होता," ती म्हणाली. आणि मग हात थांबवून माझ्याकडे बघून, "तुला कसला होता?"

दादा, तू सांगितलंस म्हणून केलं, हे काही उत्तर नव्हे. मी वर्गात मुलींकडून ते चालवून घेत नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या कागदाचं असं होणार हे देवाला कळलं कधी?" मी सांगितलं, त्याच संध्याकाळी. वाटलं, आता तरी ती तुझ्यावर रागावेल. ती म्हणाली, "मला वाईट वाटू नये म्हणून बोलला नसेल." तिचा चेहरा अगदी मऊ झाला होता. वहिनींनी चहा आणला. आई म्हणाली, "तिला कशाला चहा करत बसलीस? तिची गाडी चुकेल."

मी म्हसळ्याला उतरले आणि प्राप्तीताईंकडे गेले. घर आणि विहिरीकडची पोफळ मागायला सांगितली आहे. त्या म्हणाल्या मिळेल, रिसीव्हरलाही तेवढं सोडून बाकीची वाडी विकणं सोयीचं आहे. आईने मला फक्त एकच विचारायचं ठेवलं असेल, ते म्हणजे तिला बाहेर काढणार का. तिला सांग, नाही. ती जिवंत आहे तोवर त्या घरात राहील, तू आणि वहिनीही तिच्याबरोबर राहा. तिच्या खोलीवर गळतं तिथली कौलं मी पावसाच्या आत बदलून घेईन.

पण ते श्रद्धा वहिनींच्या नावावर होणार नाही. कुणाच्याच होणार नाही. हा सूड नाही, तसा असता तर मला इतकं थकल्यासारखं वाटलं नसतं. तुझं आणि आईचं माझ्यावाचून जे एकमेकांत आहे, ते तुमचं. त्यात मला वाटा मागायला जागा नाही, हे मला त्या पडवीत नीट कळलं. जे कागदावर माझं आहे तेवढंच मग माझं आहे, आणि ते मी ठेवणार.

दावा तुझ्यावरचाच आहे, तुझ्या वकिलाला खरोखर लढायला सांग. मी खरोखर लढते आहे.

निकालानंतर घरी येईन. किल्ली माझ्याजवळ असेल तरी मी दाराची कडी वाजवेन आणि आई "कोण आहे?" म्हणेपर्यंत बाहेर थांबेन.

आश्लेषा